दिवाळीपर्यंतचा भाव

रमाकांत घाडी दुकानात शिरले की दुकानदाराला विक्री विचारत नसत. मांडणीवरच्या आमच्या डब्यावरून एक बोट फिरवायचे, ते डोळ्यांसमोर धरायचे आणि मगच "नमस्कार शेठ" म्हणायचे. "दुकानदार खोटं बोलतो मॅडम, धूळ बोलत नाही," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, दादरच्या एका दुकानात सांगितलं. त्या दिवशी त्यांचं बोट चांगलंच करडं झालं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, आधी डबा पुसला आणि मग बोट.

आमची कंपनी परदेशी बनावटीचं एक गेमिंग कन्सोल इथे आणून विकत होती. टीव्हीला जोडायचं, हातात कंट्रोलर धरायचा आणि खेळायचं. माझ्याकडे मालाचं नियोजन होतं : गोदामात किती, वाटेत किती, दुकानांत किती पडून. घाडींकडे मुंबईची विक्री. ऑफिस परळला, एका गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. घाडींचे वडील त्याच गिरणीत होते. ऑफिसात नवीन आलेलं कोणी याबद्दल हळवं होऊन बोलायला लागलं की घाडी त्याला तिथेच थांबवायचे. "बाबा उभे राहायचे, मी बसतो. एवढाच फरक. चहा सांग."

घाडी मूळचे मालवणकडचे, पण जन्म लालबागच्या चाळीतला. बी. कॉम. झालेले, पोट थोडं सुटलेलं, शर्ट कायम इस्त्रीचा. ऑफिसात त्यांना सेल्स मॅनेजर म्हणत. चाळीत ते रम्या होते आणि मंडळाचे कार्यकर्ते होते. लग्नाच्या आधीपासून गणपतीच्या दिवसांत त्यांनी रजा टाकली नाही असं एकही वर्ष गेलं नाही. मंडळाच्या कामात जे शिकले तेच ऑफिसात वापरायचे. चार जणांसमोर बोललेली गोष्ट म्हणजे ठराव. ठराव झाला की तो मोडायला पुन्हा चार जण बसले पाहिजेत. "बाहेर जिन्यात काय बोललात ते सोडा. मीटिंगमध्ये काय बोललात ते सांगा," असं ते सगळ्यांना म्हणत, वरिष्ठांनाही.

कन्सोल विकलं जात नव्हतं. माझे तक्ते तेच सांगत होते. विभागाचे प्रमुख मल्होत्रा महिन्यातून एकदा दिल्लीहून यायचे आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न टेबलावर ठेवायचे : किंमत कमी केली तर? मी कमी करण्याच्या बाजूची होते. वस्तू महाग होतीच, आणि पडून राहिलेला माल गोदामात जागा खातो, जुना होतो. घाडी विरुद्ध होते.

"घाडीजी, प्राइस कट से डिमांड आती है," मल्होत्रा म्हणाले.

"सर, घेतील. पण लावणार कुठे?"

"मतलब?"

"आमच्याकडे एका खोलीत एक टीव्ही. संध्याकाळी सातला आई मालिका लावते, ती जेवणं होईपर्यंत. मग बाबा बातम्या लावतात आणि बातम्यांसमोरच झोपतात. रिमोट छातीवर. तो काढून बघा एकदा. फुकट दिलंत तरी हा डबा कपाटावरच जाणार."

सगळे हसले, मल्होत्राही हसले. मग म्हणाले, मार्केट भावनेवर चालत नाही.

घाडींनी त्यावर दुसरा उपाय काढला, आणि तो त्यांच्याशिवाय कोणाला सुचला नसता. घरात टीव्ही मोकळा नसतो, पण मंडळाच्या खोलीत असतो. क्रिकेटची मॅच सोडली तर त्याला कोणी हात लावत नाही. गणपती झाल्यावर वर्गणीतून थोडी शिल्लकही असते. मग कन्सोल घराला कशाला विकायचं? मंडळाला विकायचं. लालबाग, परळ, चिंचपोकळीतली बरीच मंडळं त्यांच्या ओळखीची. पहिलं अर्थात स्वतःच्या चाळीतलं. तिथला खजिनदार बाळा राणे, शाळेतला बाकावरचा सोबती.

मी ती खोली पाहिली आहे. एका कोपऱ्यात ढोल कापडात गुंडाळलेले, मध्ये कॅरम, भिंतीवर जुना टीव्ही. कॅरमवरून उठलेले हात थेट कंट्रोलरवर जायचे, त्यामुळे त्या काळ्या कंट्रोलरवर कायम पांढरी पावडर असायची. नंबर लावून फुटबॉल खेळायचे. नोकरीवरून आलेले बाप्ये टाय न सोडता बसायचे. "अरे पास दे, पास दे, तुझ्या बापाचा आहे काय बॉल?" असा आरडाओरडा. घाडी दारात उभे राहून बघत होते. "बघा मॅडम, इथे धूळ बसेल काय?"

एक गोष्ट मंडळांनी त्यांना विचारली होती. गणपतीनंतर घेतो, पण दिवाळीत स्वस्त होणार नाही ना? वर्गणीचा पैसा, उद्या लोक विचारतील. प्रश्न रास्त होता. घाडींनी तो जिन्यात विचारला नाही. महिन्याच्या मीटिंगमध्ये, आम्ही सगळे बसलेलो असताना, उभं राहून विचारला. मल्होत्रा म्हणाले, "दिवाली तक प्राइस होल्ड. माय वर्ड, घाडीजी." मी तिथे होते. घाडी खाली बसले आणि मला हळूच म्हणाले, "ठराव झाला."

दसऱ्याला मंडळांनी कन्सोलची पूजा केली. एका ठिकाणी तर लेझीम, ढोल आणि कन्सोल एकाच पाटावर झेंडूच्या फुलांत मांडले होते. घाडींनी तो फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मल्होत्रांनी अंगठा पाठवला.

दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आमची जाहिरात आली. किंमत जवळपास एक तृतीयांश उतरवलेली. मला आदल्या संध्याकाळी कळलं होतं, कारण माल हलवायचा होता. तेही 'कोणाशी बोलू नका' या सूचनेसह. घाडींना पेपरवाल्याकडून कळलं. ते ऑफिसात आले तेव्हा पेपर घडी करून बगलेत होता. जाहिरातीच्या आनंदात केक कापणं चालू होतं. त्यांनी केक घेतला, बशी तशीच टेबलावर ठेवली आणि मल्होत्रांना फोन लावला.

"सर, आपण मीटिंगमध्ये बोलला होतात."

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला घाडींच्या चेहऱ्यावरून कळलं. फोन ठेवून ते म्हणाले, "म्हणतात, सिच्युएशन चेंज झाली." मग बगलेतला पेपर टेबलावर टाकून, "भाव उतरवायला डोकं लागत नाही मॅडम, शाई लागते."

विक्री उसळली हे मी नाकारत नाही. दुकानांतून रोज मागणी येत होती, गोदाम रिकामं होत होतं, माझे तक्ते पहिल्यांदाच बघण्यासारखे झाले होते. मल्होत्रांना शाबासकी मिळाली. त्याच आठवड्यात लालबागच्या चाळीत मंडळाची मीटिंग लागली. विषय एकच.

घाडींनी मल्होत्रांना यायला सांगितलं होतं. फक्त एक वाक्य बोला, की तेव्हा भाव बिलावरचाच होता आणि कमी होणार नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. मल्होत्रा म्हणाले, ये तो लोकल इशू है. मग घाडींनी मला विचारलं. मी गेले.

खोली भरली होती. कन्सोल टीव्हीखाली बंद करून ठेवलेलं, वायर गुंडाळून ठेवलेली. तावडेमामा म्हणून चाळीतले सगळ्यांत जुने गृहस्थ खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. मामांनी आवाज अजिबात चढवला नाही.

"रम्या, एक सांग. आज कंपनी या भावात विकते, ती तोट्यात विकते काय?"

"नाही मामा." प्रामाणिक उत्तर दिलं त्यांनी.

"मग आमच्याकडून वरचे घेतले ते कोणी?"

"कंपनीनेच."

"कंपनी म्हणजे कोण रे? आमच्यासमोर तर तूच बसलायस."

मी बोलले. बिलावर तीच किंमत आहे, सगळ्या मुंबईत तीच होती, असं सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बिल पण कंपनीचंच ना, ताई?" समोरच्या माणसाला जे वाटायचं ते वाटून झालं होतं.

मग विषय बाळा राणेच्या फ्रिजवर गेला. दसऱ्याला त्याने नवा फ्रिज घेतला होता. तो जिन्यातून वर चढवायला निम्मी चाळ मदतीला होती, तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं.

"फ्रिज हप्त्यावर आहे," घाडी म्हणाले.

"हप्ता कोणाचा, ते सांग ना," आवाज आला आणि खोली हसली. हप्ता म्हटल्यावर मुंबईत आणखी काय आठवणार?

त्या हसण्याने बाळा राणे घाबरला. तो उभा राहिला, घाडींकडे न बघता म्हणाला, "भाव रम्याने सांगितला. दिवाळीत उतरणार नाही हेही त्यानेच सांगितलं. मी फक्त सही केली."

यातला शब्द न् शब्द खरा होता. घाडींनी मान हलवली, जणू मीटिंगचा वृत्तान्त बरोबर लिहिला गेला आहे. "बरोबर बोलला तो," एवढंच म्हणाले.

खाली उतरल्यावर मी त्यांना म्हटलं, "घाडी, फरकाचे पैसे तुम्ही स्वतः भरून टाका. विषय संपेल." मला तोच मार्ग दिसत होता.

"दिले की मी घेतले होते असं ठरेल, मॅडम."

"आणि नाही दिले तर?"

"तर घेतले होते असं वाटत राहील. वाटलेलं बरं." चालता चालता पुढे म्हणाले, "डब्याचा भाव उतरला, त्याचं काय नाही. तो परत चढतो पण. माणसाचा एकदा उतरला की त्याची जाहिरात कुठे देणार?"

पुढचं वर्ष मी बारकाईने पाहिलं, कारण ते माझं कामच होतं. किंमत कधी कमी होते याची वाट बघत थांबलेले लोक होते. ते आले, घेऊन गेले आणि संपले. मुळात ज्यांना ते नकोच होतं, त्यांना स्वस्तातही नको होतं. शाळांच्या परीक्षा येईपर्यंत मागणी पुन्हा आटली. मग दुसऱ्यांदा किंमत उतरवली. तेव्हा दुकानदारच म्हणायला लागले, थांबा, अजून उतरेल. शेवटी एका टीव्ही कंपनीशी करार झाला : मोठा टीव्ही घ्या, कन्सोल फुकट. घाडींनी ते पत्रक वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. "चला, टीव्ही तरी मिळाला त्याला." त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी हसले, आणि ते हसणं मला आवडलं नाही. त्यानंतर तो विभाग बंद झाला. मल्होत्रा त्याआधीच बढतीवर परदेशी गेले होते. निरोपाच्या मेलमध्ये त्यांनी त्या दिवाळीचा उल्लेख 'आपली सर्वोत्तम दिवाळी' असा केला होता.

घाडींना दुसऱ्या विभागात घेतलं. मिक्सर, इस्त्र्या. त्यांनी लालबाग-परळचा भाग सोडून ठाण्यापलीकडचा मागून घेतला आणि घरही बदलापूरला नेलं. मुलीच्या कॉलेजचं कारण सांगितलं, जे खरं नव्हतं, कारण मुलीचं कॉलेज माटुंग्याला होतं. गणपतीत रजा टाकणं बंद झालं. पहिल्या वर्षी मी विचारलं, "जाणार नाही?" तर म्हणाले, "जाईन की दर्शनाला. रांगेतून." तीस वर्षं ज्याने रांग सांभाळली तो माणूस रांगेतून जाणार होता. गेले की नाही, मला माहीत नाही. दुकानात डब्यावरून बोट फिरवायचीही त्यांची सवय गेली. ऑर्डर घ्यायचे आणि निघायचे.

दोन वर्षांनी बदलापूरच्या घरी ते झोपेतच गेले. हृदयाचा त्रास होता, तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. आम्ही ऑफिसातले काही जण तिकडे जाऊन आलो. बाळा राणे आला नव्हता.

नंतरच्या आठवड्यात परळहून दादरला चालत जाण्याऐवजी मी मुद्दाम उलट्या दिशेला, लालबागला गेले. चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा आहे. चाळीतलं कोणी गेलं की त्यावर खडूने लिहितात. त्याची एक ठरलेली भाषा आहे : 'मंडळाचे ज्येष्ठ कार्यकर्ते' अमुक यांचे दुःखद निधन. ज्याने आयुष्यात दोनदा ताशा वाजवला त्याच्याही नावामागे तिथे 'कार्यकर्ते' लिहितात. मेलेल्या माणसाच्या बाबतीत तिथे कोणी हात आखडता घेत नाही.

फळ्यावर लिहिलं होतं : 'आपल्या चाळीचे माजी रहिवासी श्री. रमाकांत घाडी यांचे निधन.' अक्षर सुबक होतं. भोवती चौकटही काढली होती.

मी वाचत उभी असताना बाळा राणे पिशवी घेऊन बाजारातून आला. त्याने मला ओळखलं.

"मी बोललो होतो पोरांना, 'कार्यकर्ते' टाका म्हणून," मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला.

"मग?"

"पोरं म्हणाली, मग मीटिंग लावावी लागेल."

"लावा की."

"मीटिंग लावली तर तो विषय परत निघेल, ताई," बाळा म्हणाला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जिना चढायला लागला.