सडा घालतात, सड्यावर जात नाहीत

मी घाटावरची. बदली होऊन रत्नागिरीत आले तेव्हा अकरा वर्षांची नोकरी पाठीशी होती आणि आपल्याला शिकवता येतं असा माज होता. माज हा शब्द आजचा. तेव्हा मी त्याला आत्मविश्वास म्हणायचे. पाढ्यांना चाली लावणं, चिंचोक्यांवर बेरजा, धड्यातली माणसं मुलांना करायला लावणं, असलं सगळं मी करत असे आणि नुसता खडू-फळा घेऊन शिकवणाऱ्यांना मनातल्या मनात हसत असे.

शाळा शहरापासून एसटीने पाऊण तासावर, वरच्या वाडीत. उतरल्यावर दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून जावं लागे. शिक्षक दोनच. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस तिथलाच, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोलणं कमी आणि बोलले तर अर्धं चेष्टेत. "घाटावरच्या बाई आल्या, आता आमच्या पोरांचं कल्याण," हे त्यांचं माझं स्वागत. मला ते कौतुक वाटलं.

माझ्या वर्गात नऊ मुलं होती. त्यात तिसरीतली एक मुलगी, केस दोन्हीकडे घट्ट बांधलेली, पुढचा एक दात पडलेली. बाप लोट्याला कंपनीत, आठ-पंधरा दिवसांनी घरी येणारा. आई भातशेती आणि दोन गुरं सांभाळायची. ही मुलगी बोलायला लागली की थांबायची नाही. मी प्रश्न पुरा करायच्या आत हिचं उत्तर सुरू, आणि बरेचदा उत्तर भलत्याच प्रश्नाचं. मला ती आवडायची हे खरं आहे. ते इथे सांगून टाकते, कारण पुढे जे मी केलं ते नावडत्या मुलीच्या बाबतीत केलं असतं तर निदान मला स्वतःला समजलं तरी असतं.

गणपतीची सुट्टी संपल्यावर मी मुलांना 'माझी सुट्टी' हा निबंध दिला. तोही साधा नाही. वही आडवी धरायची, वर चित्र काढायचं, खाली चार ओळी. हिने हिरव्या रंगाचा मोठा सपाट पट्टा काढला होता, त्यावर जांभळे-पिवळे ठिपके, आणि मधोमध एक गाय. खाली लिहिलं होतं: 'मी आयेबरोबर सड्यावर गेली. सड्यावर लय फुलं आलेली. आमी सड्यावर भाकरी खाल्ली. मला सड्यावर आवडतं.'

माझ्या माहेरी आई रोज सकाळी शेणाचं पाणी करून अंगणात शिंपडायची. सडा-रांगोळी झाल्याशिवाय चहा नाही असा घरचा शिरस्ता. माझ्या आयुष्यात सडा एवढाच होता. मी ती वही वाचली आणि मला हसू फुटलं. मोठ्याने वाचून दाखवली. म्हटलं, "काय गं, सड्यावर भाकरी? शेणाच्या पाण्यात पान मांडलं होतं काय?"

वर्ग हसला. तिने हसण्याच्या आवाजातून मान वर केली आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, सडा वर हाय ना."

"वर कुठे? सडा आभाळात घालतात का?"

पुन्हा हशा. मला वर्ग हसता ठेवायची हौस होती. हसत-खेळत शिक्षण! मी लाल पेनाने चारही ओळींवर रेघ मारली आणि खाली लिहून दिलं: 'सडा घालतात, सड्यावर जात नाहीत.' हे दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. 'आये' खोडून 'आई' केलं, 'गेली'चं 'गेले' केलं. चित्राबद्दल एक अक्षर बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणलं. मी सही केली असणार. त्या वह्यांच्या गठ्ठ्यात मला वेगळं काही आठवत नाही.

त्यानंतर ती सुधारली. असं मीच गुरुजींना सांगितलं. मध्ये मध्ये बोलणं बंद झालं होतं. विचारलं की उभी राहायची, पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणायची आणि खाली बसायची. वहीत खाडाखोड नाही. चित्र काढायला सांगितलं तर डोंगर, दोन डोंगरांमध्ये सूर्य, नदी, झोपडी. सगळ्या महाराष्ट्रातली मुलं काढतात तेच. गुरुजी म्हणाले, "सुधारली म्हणता? बरं." मी त्या 'बरं'कडे लक्ष दिलं नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या गावातल्या शाळेत आम्हा शिक्षकांची परिषद होती. आदल्या दिवशी माझ्या वर्गात येऊन गुरुजी म्हणाले, "बाई, उद्या सड्यावरनं चालत जाऊ. रस्त्यानं गेलो तर गावाला वळसा पडतो."

मी विचारलं, "कशावरनं?"

"सड्यावरनं."

"सडा म्हणजे?"

गुरुजींनी खिडकीकडे बोट दाखवलं. नेमकं त्याच खिडकीकडे. वर डोंगर चढून गेल्यावर सपाट कातळाचं पठार पसरलेलं होतं, मैलच्या मैल. चार महिने मी ते बघत होते आणि त्याला मनात माळरान म्हणत होते. माझ्या नऊ मुलांपैकी पाच जण पलीकडच्या वाडीतून ते पठार तुडवून रोज शाळेत येत होते. बाकीच्यांची गुरं तिथे चरायची. त्या दिवशी वर्गात हसलेल्या प्रत्येक मुलाला सडा म्हणजे काय ते पायांनी ठाऊक होतं. बाई हसल्या म्हणून ती हसली होती.

"गुरुजी, तुम्हाला तो निबंध माहीत होता?"

"मधली भिंत पातळ हाय, बाई."

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुमचा वर्ग. आणि तुम्ही हुशार." एवढं बोलून ते हजेरीपटात डोकं घालून बसले.

खूप राग आला. आधी गुरुजींचा, मग त्या नऊ जणांचा, आणि मग घरी जाताना एसटीत बसल्यावर स्वतःचा. वर्गात गेल्या गेल्या सांगायचं, माझं चुकलं, असं मी ठरवलं. दोन शब्दांचं काम. पण दुसऱ्या दिवशी परिषद होती, तिसऱ्या दिवशी रविवार. सोमवारपर्यंत माझ्यातली कल्पक शिक्षिका जागी झाली होती. नुसतं चुकलं म्हणण्यात काय अर्थ आहे, त्यापेक्षा यातून एक उपक्रम उभा करू, असं तिने मला पटवलं. मला पटायला वेळ लागला नाही.

उपक्रमाचं नाव 'शब्दांची रोवळी'. तांदूळ धुवायची वेताची रोवळी एका मुलाने घरून आणली. मुलांनी रोज घरात बोलला जाणारा एक शब्द चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचा. शनिवारी चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचा शब्द त्याने समजावून सांगायचा, चित्र काढायचं, जमलं तर ती वस्तू आणून दाखवायची. मनातला बेत असा, की एके दिवशी रोवळीतून 'सडा' निघेल. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणेन, बघा, हा शब्द बाईंनाच येत नव्हता. मुलं हसतील, ती मुलगी हसेल आणि सगळं गोड होईल. माझी माफीसुद्धा मला रंगतदार हवी होती.

उपक्रम मात्र खरोखर चालला, ते नाकारता येत नाही. गडगा आला, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत. पऱ्या आला, म्हणजे ओढा. बाव म्हणजे विहीर. इरलं आलं तेव्हा एक मुलगा आजोबांचं जुनं, पावसात शेतात घ्यायचं इरलं डोक्यावर घेऊन वर्गात आला आणि दारात अडकला. चौथीतला जो मुलगा तोपर्यंत वाचायला लाजत होता, तो भाताच्या रोपांना तरवा का म्हणतात यावर दहा मिनिटं बोलला. कारण काही त्याला सांगता आलं नाही, पण बोलला.

तीही रोज चिठ्ठी टाकायची. मी तिचं अक्षर ओळखायचे. सूर्य. वृक्ष. विद्यालय. जल. घरात बोलला जाणारा शब्द लिही, असं मी चारदा समजावलं. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी लिहायची, 'माता'.

शनिवारमागून शनिवार गेले. रोवळीत शंभराच्या वर शब्द जमले. 'सडा' आला नाही. नऊ जणांपैकी एकानेही टाकला नाही. शब्दांना वाटा माहीत असतात की नाही कोण जाणे, पण मुलांना नक्की माहीत असतात. तो रस्ता बाईंनी बंद केलेला आहे हे त्यांनी एकमेकांना न सांगता ठरवून टाकलं होतं. मी स्वतः चिठ्ठी लिहून टाकू शकत होते. एकदा लिहिलीही. पर्समध्ये ठेवली आणि ती चिठ्ठी एसटीच्या तिकिटांबरोबर कधीतरी गेली.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुखांनी उपक्रमाचा व्हिडिओ मागवला, तो वर गेला आणि नवोपक्रमांच्या स्पर्धेसाठी आमची निवड झाली. पाहणीला तीन माणसं येणार होती. मी आठ दिवस मुलांची तयारी करून घेतली. उत्स्फूर्त वाटलं पाहिजे म्हणून कसून तयारी! कोणी कुठला शब्द उचलायचा, कोणी कुठे हसायचं, सगळं ठरवलं. तिला मी स्वागताचं वाक्य दिलं होतं, कारण तिचे उच्चार आता सगळ्यांत शुद्ध होते.

पाहणी झकास झाली. इरलंवाला पुन्हा दारात अडकला, या वेळी मुद्दाम. तिघेही खूश. त्यातले एक साहेब त्याच जिल्ह्यातले होते. निघता निघता त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि सहज म्हणाले, "एवढे शब्द जमवलेत, आणि सडा नाही कोणी आणला? सांगा बघू, सडा म्हणजे काय?"

डोळ्यांच्या नऊ जोड्या माझ्यावर. मग ती उठली. हाताची घडी घालून, खिडकीकडे पाठ करून, एकेक अक्षर नीट उच्चारत तिने सांगितलं, "अंगणात शेणाचे पाणी शिंपडतात, त्यास सडा असे म्हणतात. सडा घालतात, सड्यावर जात नाहीत."

साहेब खो खो हसले. "घ्या! कोकणातल्या पोरांना सडा माहीत नाही. मोबाईलनं वाट लावली, दुसरं काय."

गुरुजी दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलायचं होतं. ते दोन शब्द तेव्हा बोलले असते तरी चाललं असतं. माझ्या तोंडून निघालं, "हो ना साहेब, म्हणूनच तर हा उपक्रम घ्यावा लागला."

हे वाक्य मी पुष्कळदा आठवते. आपण किती सहज बोललो, याची मला अजून लाज वाटते. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी गुरुजींनी पेढे आणले. एक माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "खा बाई. गोड हाय." पेढा तसाच टेबलावर ठेवला. मी उठून वर्गात गेले. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'सडा' लिहिलं. म्हटलं, "हा शब्द मला येत नव्हता. मी हसले, ते चुकलं. तुम्हा सगळ्यांचं बरोबर होतं. हिचं बरोबर होतं."

कोणी हसलं नाही. चौथीतल्या मुलाने हात वर केला आणि विचारलं, "बाई, परीक्षेत कुठला लिवायचा?" दोन्ही बरोबर, मी म्हटलं. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

मग मी तिला तिची जुनी वही आणायला सांगितली. माझ्या लाल रेघा माझ्याच हाताने खोडायच्या आणि चारही ओळींपुढे 'बरोबर' लिहायचं, असं मनात होतं. तिने दप्तराच्या तळातून वही काढली. ते पान उघडलं. हिरवा पट्टा, गाय, ठिपके, माझी लाल रेघ. आणि समोरच्या पानावर, माझ्या वाक्याच्या दहा ओळी. सगळ्या पट्टीने आखलेल्या, एकसारख्या, वळणदार. त्याखाली माझी सही, सहीजवळ एक चांदणी आणि 'अतिशय छान!' असा माझा शेरा. वर्षभरात तिला मी दिलेला तेवढा एकच.

मी पेन उघडलं आणि त्या दहा ओळींवर टेकवलं. तिने घाईघाईने तळहात पानावर ठेवला.

"खोडू नका बाई," ती म्हणाली, "अक्षर चांगलं आलंय."