शेवटच्या सीझनचे चार निकाल

मैत्रिणींनो, आज दुपारी एक खोटं उघडं पडलं. माझंच.

आमचे हे इथे कॉव्हेंट्रीत एका कॉलेजची लॅब सांभाळायचे. तिथल्या फुटबॉल टीमच्या बावीस सीझनची नोंद त्यांनी ठेवली, दर सीझनला एक वही. कॉलेजला आता तो इतिहास छापायचाय, म्हणून टीमची कॅप्टन रिया वह्या न्यायला आली होती.

गेल्या वर्षीची, शेवटची वही चाळताना ती थांबली. "काकू, काकांचं कधीच चुकत नाही. पण हे लास्टचे चार मॅच आम्ही जिंकलो नाही. मी खेळत होते ना. चारही हरलो."

मग सांगावंच लागलं. तेव्हा हे हॉस्पिटलमध्ये होते. दर बुधवारी संध्याकाळी विचारायचे, "काय झालं गं मॅचचं?" मी फोनवर निकाल बघायचे आणि "जिंकले" म्हणायचे. स्कोअरही मनाचाच सांगायचे. ते वही मागून लिहून ठेवायचे.

"मग करेक्ट करू या?" रियानं हळूच विचारलं.

मी चष्मा लावून ते पान पहिल्यांदाच नीट पाहिलं. बाकी सगळं निळ्या पेनानं लिहिलेलं, हे चार निकाल तेवढे पेन्सिलीनं. ज्याची खात्री नसे, ते आमचे हे पेन्सिलीनंच लिहीत.

खरे निकाल मी रियाला खाली लिहायला सांगितले. पेन्सिलीचे खोडू दिले नाहीत.

तुमच्या घरी कुणी असं, कळत असूनही, तुमचं खोटं ऐकून घेतलंय का?