जाड फ्लॉपीतली नात
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला धुळ्यातला माझा कॉम्प्युटर क्लास आठवतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जवळच्या खेड्यातल्या एक अक्का सकाळीच आल्या. परदेशातल्या लेकीने पहिल्या नातीचे फोटो एका जाड फ्लॉपीत भरून, ती वाचणाऱ्या ड्राइव्हसकट, ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले होते. ड्राइव्ह जोडला, दिवाही लागला, पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरला तो ओळखूच येईना. सोबतचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजचं होतं. "दखास का काही, भाऊ?" काही दिसतंय का, असं अक्का अहिराणीत पुन्हा पुन्हा विचारत होत्या. शेवटी मी जळगावच्या मित्राला फोन केला. त्याने जुन्या विंडोजला चालणारं सॉफ्टवेअर साध्या फ्लॉपीवर घालून दुपारच्या एसटीने पाठवलं. तोवर अक्का हलल्या नाहीत. सोबतची भाकरी त्यांनी तिथेच खाल्ली. संध्याकाळी ते सॉफ्टवेअर चढवलं आणि पडद्यावर नव्या ड्राइव्हचं अक्षर उमटलं, म्हणजे कॉम्प्युटरने तो ओळखला. फोटो वरून खाली हळूहळू उघडू लागला. आधी जावळ, मग रुंद कपाळ. डोळे दिसायच्या आतच अक्का ओरडल्या, "कपाय मनंच शे!" कपाळ खरंच त्यांचंच होतं. त्यांनी काचेवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आता माझी नातही दूर असते. तिचे फोटो रोज फोनवर येतात, आणि मी आधी कपाळच पाहतो.