अहिल्याकाकूंचा तेवीस पौंडी सॅल्मन

देवाची उपकरणी अर्धीच घासून झाली होती, तेवढ्यात बाहेरून कुमारकाकांनी हॉर्न दिला. अहिल्याकाकूंनी चिंचेचे हात धुतले, समई तशीच सिंकमध्ये ठेवली आणि देवाला म्हणाल्या, "आज जरा समजून घे."

ऑरेगनच्या किनाऱ्यावर टिलर कोव्ह नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे दर सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी सॅल्मन पकडायची स्पर्धा असते. काकू मूळच्या श्रीवर्धनच्या. काकांच्या कागदाच्या कारखान्यातल्या नोकरीपायी पंचवीस वर्षांपूर्वी इथे आल्या. पहिली दोन वर्षं कोणाशी धड बोलणं झालं नाही. तिसऱ्या वर्षी धक्क्यावर एक माणूस साफ करायच्या नावाखाली माशाच्या चिंध्या करत होता, ते त्यांना बघवेना. त्यांनी त्याच्या हातातली सुरीच काढून घेतली. तेव्हापासून स्पर्धेतलं मासे साफ करायचं टेबल त्यांचं. शनिवारी त्या मासा खात नाहीत, पण साफ करायला मारुतीची हरकत नसते असं त्यांचं ठाम मत. अख्खं गाव त्यांना काकू म्हणतं. अर्थ कोणालाच माहीत नाही.

वजनाआधी मासा तपासायचं कामही त्यांचंच. सॅल्मनच्या पाठीवर, शेपटीजवळ, एक बोटाच्या पेराएवढा पर असतो. सरकारी तळ्यात वाढवलेल्या पिलांचा तो पर लहानपणीच छाटतात. म्हणजे पर नसलेला मासा आपला, पर असलेला नदीतला जंगली. तो पाण्यात सोडून द्यायचा. म्हणून तपासणी होईपर्यंत माशाच्या एकाही पराला सुरी लावायची नाही. आतडी काढा, बाकी हात लावू नका. मागच्या वर्षी पर आधीच कापलेले होते म्हणून काकूंनी स्पर्धेचा प्रमुख डेल याच्या सख्ख्या भावाचा मासा बाद केला होता. भाऊ तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हता.

यंदा डेलच म्हणाला, "काकू, बावीस वर्षं दुसऱ्यांचे मासे बघितलेत. या वर्षी टेबल मी सांभाळतो, तुम्ही गळ टाका."

काकूंना ते हवंच होतं. बंदराच्या ऑफिसाबाहेर लाकडी फळ्यावर विजेत्यांची नावं कोरलेली असतात. त्यात आपलं एक असावं, हे त्यांनी काकांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

अकरा वाजता गळाला ओढ बसली. वीस मिनिटं काकू आणि मासा यांचं चाललं होतं. शेवटी काकांनी जाळं खाली घातलं आणि चांदीच्या परातीसारखा मासा बोटीत आला. काकूंनी आधी पाठ बघितली. पर छाटलेला, जुना, बरा झालेला व्रण.

"किती असेल?" काकांनी विचारलं.

"तुम्ही बोट बघा. नजर लावू नका."

काका धक्क्याच्या दिशेने बोट हाकत होते, त्यांची पाठ काकूंकडे. काकूंनी सुरी काढली, पोट फाडलं, आतडी काढली. मनात फळा, फळ्यावर नाव. हात मात्र श्रीवर्धनातल्या सवयीनेच चालत राहिले. मन भानावर आलं तेव्हा मासा लखलखीत साफ झाला होता. खवले गेले होते, आणि पाठीवरचे, पोटाखालचे सगळे पर मुळापासून कापलेले होते. जुना व्रणही त्यातच गेला होता.

धक्क्यावर गर्दी होती. तोवरचा सगळ्यात मोठा मासा एकवीस पौंडांचा. त्या गडबडीत डेलने तपासायच्या आधीच काकूंचा मासा काट्याला लावला, तेवीस भरला. टाळ्या पडल्या. डेलने पाठीवरून बोट फिरवलं, थांबला, आणि काकूंकडे बघितलं.

"काकू, छाटलेलाच होता ना?"

"होता."

"मग झालं. तुमच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?"

मागे डेलचा भाऊ उभा होता.

काकूंनी पदराला हात पुसायची सवय म्हणून जॅकेटलाच हात पुसले. "बाद कर, डेल."

"अहो, तुम्ही खोटं बोलणार आहात का?"

"नाही. पण मी टेबलावर असते तर हा मासा घेतला नसता. बाद कर."

संध्याकाळी सांता क्लाराहून मुलीचा, सलोनीचा फोन आला. "आई, सीरियसली? त्याने अ‍ॅक्सेप्ट केला होता यार."

"त्याने केला होता. मी नाही केला."

कुमारकाकांनी बायकोची तोंडावर स्तुती केल्याचं कोणाला आठवत नाही. पण त्या दिवशी ते धक्क्यावर प्रत्येकाला अडवून सांगत होते, "तेवीस पौंडांचा पकडला हिने, आणि बादही हिनेच केला. आहे का दुसरं कोणी?" डेलचा भाऊ कॉफीचे दोन कप घेऊन आला, एक काकूंसमोर ठेवला आणि विचारलं, "पुढच्या वर्षी टेबलावर कोण?"

"मीच," काकू म्हणाल्या. "आणि टेबलावर मोठ्या अक्षरांत पाटी लावणार आहे, परांना सुरी लावू नये म्हणून."

त्यासाठी उद्या सकाळी पूजा आटोपली की हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा आणि एक ब्रश आणायचा आहे.