अक्काच्या रिपोर्टमधली खालची ओळ

दीड महिना झाला. त्या सकाळी ओरत्तनाडूच्या ऑफिसात नुकता टेबलाशी बसलो होतो, तेवढ्यात अक्काच्या शेजारीणबाईंचा फोन आला. "अक्का स्वयंपाकघरात पडल्यात, उठत नाहीत…" बसनं तंजावूरला पोचेतो सगळं संपलं होतं.

अंबुजाअक्का माझी थोरली बहीण. राजवाड्यामागच्या गल्लीत एकटी राहायची. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला; फळ्यावर कावेरीचे सगळे फाटे न बघता काढायची. पोंगलनंतर जिना चढताना तिला धाप लागायला लागली, जबडा दुखायचा. "गॅस असेल रे," म्हणायची. मीच हट्टानं डॉक्टरांकडे नेली. झोपवून काढलेला ईसीजी ठीक आला. "आता चालवून बघू," डॉक्टर म्हणाले आणि तपासणी केंद्राची चिठ्ठी दिली. अक्का पदर खोचून, दांडी घट्ट धरून तिथल्या फिरत्या पट्ट्यावर चालली. चार मिनिटांत गुडघ्यानं दगा दिला. "पोदुम्, पोदुम्! पुरे!" असं ती ओरडल्यावर पट्टा थांबवला. बाहेर येऊन हसत म्हणाली, "एवढं चालले, पण कुठंच गेले नाही बघ."

रिपोर्ट मी वाचला. आलेखात बदल नाहीत, एवढं मोठ्यानं वाचून कागद मिटला.

"खाली काय लिहिलंय?"

"ते सगळ्यांनाच लिहितात, अक्का."

मग आम्ही कॉफी प्यायलो. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचं राहूनच गेलं…

खाली लिहिलं होतं : ठोके हवे तेवढे वाढले नाहीत, चाचणी अपुरी, पुढची तपासणी करावी. तेराव्यानंतर तोच कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "बदल नाहीत म्हणजे दोष नाही, असं नव्हे. त्या जेवढ्या चालल्या तेवढ्यात दिसला नाही, इतकंच. न चालवता, औषध देऊनही तपासता आलं असतं." वाचली असती का, मी विचारलं. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. स्वतःला दोष देऊ नका, असं सगळे सांगतात. पण तिनं विचारलं होतं ते मला, आणि उत्तर दिलं होतं मीच.

माझी बायको तमिळ. मुलांना मराठी कळतं, बोलता येत नाही. रोज सकाळी सहाला अक्का फोन करून एवढंच विचारायची, "उठलास काय रे?" माझं दिवसातलं पहिलं मराठी ते, बऱ्याचदा शेवटचंही. अजून सहाला जाग येते. "उठलो, अक्का," म्हणायला तोंड उघडतं… आणि तसंच मिटतं.