त्याची टिचकी बाकी आहे

सिल्वासाजवळच्या मसाटमधल्या माझ्या खोलीत, पत्र्याच्या एका डब्यात, अर्धं जग राहतं. आमच्या कारखान्यात वितळवायला येणाऱ्या परदेशी प्लास्टिकच्या भंगारातून मी टेबल-फुटबॉलचे, बोटाने टिचकी मारून खेळायच्या बाहुल्यांचे, जुने संघ वेचलेत. विश्वचषकातला पिवळा ब्राझील आहे, निळा इटली आहे. इटलीचा गोलकीपर तर माझ्या वडिलांहून म्हातारा असावा.

माझा खोलीतला जोडीदार धुळ्याचा. त्याची रात्रपाळी, माझी दिवसपाळी, दोघांत खाट एकच. मग मॅचही पाळीतच खेळायचो: कामावर निघताना मी ब्राझीलची एक टिचकी मारायची, त्याने इटलीची एक. ती मॅच तीन वर्षं चालली, तेवढ्यात खरा विश्वचषक लाजून घरी गेला. कारखान्याच्या गेटवर गाठ पडली की तो ओरडायचा, "भो, तू दोनदा मारली!"

"वारा होता रे," मी म्हणायचो.

दिवाळीला तो गावी गेला आणि तिकडेच कामाला लागला. चेंडू माझ्या गोलपुढे बोटभर अंतरावर आहे, टिचकी त्याची आहे. टेबल पुसतानाही मी चेंडूला फडकं लागू देत नाही.

परवा मी माझा गोलकीपर आडवा पाडला, फोटो काढून त्याला पाठवला आणि लिहिलं, "वाऱ्याने पडला. ये, मार."

फोटो त्याने पाहिलाय.