खुशालरावांचा जर्दाळू

आमचे शेजारी, नांदगाव पेठेचे खुशालराव, एकदा बोलले की बोलले. चुकीचं बोलले असले तर जास्तच.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या साली अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या रिकाम्या करून त्यांनी अब्दुल गफ्फार मेवेवाल्यांकडे जन्मात पहिल्यांदा जर्दाळू खाल्ला. गफ्फारमियां सहज म्हणाले, "पाटील, ये ठंडे मुलुक का झाड है. तुम्हारे यहाँ नहीं फलता." खुशालरावांना ती काळ्या जमिनीची बेअब्रू वाटली. भरबाजारात त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. "माह्या वावरातला जर्दाळू खाईन, तवाच फेटा बांधीन!"

सरकी पेरतात तशा त्यांनी जर्दाळूच्या बिया शेणात घोळल्या आणि मृगावर पेरल्या. एक उगवली नाही. उरलेल्या बिया त्यांच्या बायकोने, माणिकबाईंनी, रांजणाखालच्या ओल्या वाळूत टाकून ठेवल्या होत्या. पौषाच्या थंडीत त्यातल्या एकीला मोड आला. श्रेय अर्थात खुशालरावांनी घेतलं.

काळी जमीन पाणी धरते, मुळं कुजतात, म्हणून मुरमाचा उंचवटा करून रोप लावलं. झाड झक्क वाढलं. पानंच पानं, फूल मात्र नाही. जर्दाळू थंडीत पानं झाडून झोपतो, मग उघड्या फांदीवर फुलतो. आमच्याकडे त्याला झोपच लागेना. तेव्हा खुशालराव मार्गशीर्षात शिडी लावून स्वतः पानं ओरबाडत, बुंध्याला ओली पोती गुंडाळत आणि माठातलं गार पाणी आळ्यात ओतत. घरची माणसं कोमट पाणी पीत.

सगळं गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? पण फेटा उतरवल्यापासूनच्या चौथ्या वैशाखात ते उघड्या डोक्याने वावरात कोसळले आणि आमचं हसणं थांबलं. पुन्हा ऊन लागलं तर माणूस हाती लागणार नाही, असं वैद्यांनी स्पष्ट सांगितलं.

"अवो, पाया पडते तुमच्या, फेटा बांधा," माणिकबाई रडत म्हणाल्या.

"जीभ एकच हाय माही," खुशालराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

मला त्या माणसाचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई माझ्या गाडीतून अमरावतीला जाऊन आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला हात धरून झाडाखाली नेलं. खालच्या फांदीला एक जर्दाळू लटकत होता. सुरकुतलेला, वाळलेला, पांढऱ्या सुताने बांधलेला. सूत लपवायचंही बाईंना सुचलं नव्हतं.

खुशालरावांनी सावकाश सुताची गाठ सोडली आणि जर्दाळू तोंडात टाकला.

"गोड हाय," ते म्हणाले. "आपल्याकडचं ऊनच असं, फळ फांदीवरच वाळून जाते."

आणि बायकोपुढे त्यांनी मान वाकवली. "बांध."

माणिकबाईंच्या हातून फेटा तीनदा सुटला.